मुंढा, माया आणि मी

1950 च्या दशकातल्या कुठल्याही कचेरीचा ग्रुप फोटो काढून बघा. मधल्या खुर्चीत साहेब, शेजारी हेडक्लार्क, मागच्या रांगेत कारकून, सगळ्यांचे पगार महिनाअखेरीला उसनवारी करायला लावणारे. पण कोटाची कॉलर मानेशी अशी बसलेली आणि पँटची इस्त्री अशी सरळ उतरलेली, की वाटावं, ही मंडळी आत्ता उठतील आणि कुठल्यातरी दोन देशांत तह घडवून आणतील. आता आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचा फोटो बघा. अध्यक्ष थ्री-फोर्थमध्ये, खजिनदारांच्या पाठीवर कुठल्याशा फुटबॉलपटूचं नाव, आणि सेक्रेटरी बँकेनं फुकट दिलेल्या टी-शर्टात, ज्याची पोटावरची जाहिरात इतकी ताणली गेलीय की व्याजाचा दर प्रत्यक्षापेक्षा मोठा दिसतोय. सेक्रेटरी मी.

जुन्या कपड्यांचं वेड मला सिनेमानं लावलं. देव आनंदवर भागलं असतं, पण मी थेट कॅरी ग्रँटपर्यंत गेलो. हिचकॉकच्या 1959 च्या 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मध्ये हा गृहस्थ जवळजवळ अख्खा सिनेमा एकाच राखी सुटात काढतो. त्याच सुटात त्याला पळवून नेतात, त्याच सुटात तो रेल्वेत लपतो, अंगावर विमान येतं तेव्हा शेतातल्या मातीत सपशेल आडवा होतो, मग हॉटेलात जाऊन सूट साफ करायला देतो, आणि सूट होता तसा परत येतो. मी घरातून निघून कोपऱ्यावर रिक्षात बसून उतरलो, एवढ्यानंही माझा शर्ट कपात विसरलेल्या बिस्किटासारखा होतो.

तरी एकदा हौस केलीच. पुतणीच्या लग्नाला रेडीमेड सूट घेतला. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, स्लिम फिट आहे, पण घाबरू नका, स्ट्रेच आहे." कोट इतका आखूड की मागून मी कोट घातलाय हे सांगावं लागलं असतं, आणि पँट पोटाच्या वर जायला तयार नव्हती, तर पोटाखाली आडोशाला उभी होती. मंगलाष्टकं सुरू झाली. पहिल्या 'सावधान'ला मी अक्षता टाकायला हात उचलला, तर हाताबरोबर अख्खा कोट उचलला गेला, खांदे कानांना भेटले, बटण छातीवर आलं, शर्ट पँटीतून बाहेर पडला. हात खाली केला तेव्हा कोट खाली आला, शर्ट मात्र आला नाही. त्यात आमच्या घरात काव्य उदंड. प्रत्येक आत्यानं, मावशीनं स्वतः रचलेलं मंगलाष्टक आणलेलं, आणि प्रत्येक 'सावधान'ला माझा आणखी थोडा भाग उघडा पडत गेला. लग्नाच्या व्हिडिओत आजही नवरानवरीच्या मागे, ठरावीक अंतरानं, एक बनियन उगवतो.

तो बघून ही म्हणाली, "अहो, माळ्यावर ट्रंकेत मामंजींचा सूट आहे ना, तो तरी बघा."

वडिलांनी तो स्वतःच्या लग्नाच्या पानसुपारीला शिवला होता. डांबरगोळ्यांच्या वासात बुडालेला, खरा लोकरीचा. तेव्हाचं सुटाचं कापड वाराला 14-16 औंस सहज भरायचं, आताचं 8-9 भरतं. म्हणूनच ते पडदा सोडल्यासारखं सरळ पडायचं, आणि म्हणूनच कोट हातात घेतल्यावर माझं मनगट वाकलं. पँट बेंबीच्या वर चढणारी. दोन्हीकडे दोन-दोन प्लेट, बॉटमला रुंद फोल्ड. दुसऱ्या महायुद्धात कापड वाचवायला ब्रिटननं 1942 मध्ये हे फोल्ड चक्क कायद्यानं बंद केले होते. युद्ध संपल्यावर तिकडच्या शिंप्यांनी जो सूड उगवला त्याचे शिंतोडे आमच्या ट्रंकेपर्यंत उडालेले दिसत होते. चेनच्या जागी बटणं. कमरेच्या आत गॅलिसची, म्हणजे पँट खांद्यांवरून टांगणाऱ्या पट्ट्यांची, बटणं. पुढे घड्याळाचा चिमुकला खिसा. मी पाय घातले. पँट मांड्यांपर्यंत आली आणि पुढचा प्रवास रद्द झाला.

मग शोधत शोधत शहरातल्या एका बोळातले म्हातारे मास्तर गाठले. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. कोट उलटा केला, दिव्याखाली धरला, कॉलरच्या पट्टीमागे बोट फिरवलं. आत घोड्याच्या केसांचा कॅनव्हास, आणि तो पट्टीला धरून ठेवणारे हातानं घातलेले बारीक बारीक टाके, शेकड्यांनी. "आता हे गोंदानं चिकटवतात," मास्तर म्हणाले, "ड्रायक्लीनला टाकलं की फोड येतात." मग मुंढ्यात मूठ घालून बघितली आणि पहिल्यांदा हसले. मुंढा वर, काखेच्या अगदी जवळ कापलेला होता. मुंढा असा लहान आणि वर असला तर हात हलतो, कोट जागेवर राहतो. खाली उतरवलेला मोठा मुंढा कोणाच्याही अंगात झटकन जातो, म्हणून रेडीमेडवाल्यांना तो सोयीचा. माझा बनियन जगजाहीर का झाला, हे मला तिथं उमगलं. हॉलिवूडचा नाचणारा नट फ्रेड ॲस्टेअर आपले कपडे लंडनच्या सॅव्हिल रोवर शिवून घ्यायचा आणि म्हणे ट्रायललाच नाचून बघायचा, कॉलर मानेवरून हलते का ते. मी ट्रायलला अक्षता टाकून बघितल्या. मास्तरांचा पोऱ्या दोन पावलं मागे सरकला.

पण त्याआधी मापं. त्या सॅव्हिल रोवरचे कटर म्हणे गिऱ्हाइकाच्या उणिवा वहीत सांकेतिक अक्षरांत लिहायचे, 'डीआर' म्हणजे उजवा खांदा पडका, 'बीएल' म्हणजे पाय धनुष्यासारखे, म्हणजे समोर जो कोणी लॉर्ड उभा असेल त्याला पत्ता लागू नये. आमच्या मास्तरांना असली चोरी मान्य नव्हती. मशिनच्या आवाजावर आवाज काढून ते पोऱ्याला सांगत होते, "उजवा खांदा पाऊण इंच पडेल, लिही. पाठीला पोक, लिही. मान पुढं, लिही. पोट…" इथं टेप अपुरी पडतेय की काय अशी क्षणभर शंका आली, "पोट लिही, मग बघू." मग ते माझ्या मागे गेले. बराच वेळ काही आवाज नाही. शेवटी म्हणाले, "सीट नाही." बाकावरच्या एका गिऱ्हाइकानं वर्तमानपत्र खाली करून खात्री करून घेतली.

वडिलांच्या शिंप्यानं शिवणीत भरपूर माया ठेवली होती. कापडाचे पैसे गिऱ्हाइकानं मोजलेत, ते कात्रणात कशाला घालवायचं, हा त्या वेळचा हिशेब. शिवाय माणूस पुढे सुटणार हे त्यांना ठाऊक असायचं. पण किती सुटेल, याचा अंदाज माणसाच्या मुलापर्यंत धरलेला नव्हता. मास्तरांनी होती नव्हती ती माया सोडली, तरी पँट मिळेना. तेव्हा त्यांनी बॉटमचे फोल्ड उसवले, त्यातलं कापड काढलं आणि मागे, कमरेपासून खाली, कळी घातली. "कोट काढू नका," एवढंच म्हणाले.

आतेभावाच्या मुलाचं रिसेप्शन मे महिन्यात होतं आणि कार्यालयाचा एसी फक्त आवाज करत होता. पण काय सांगू! पँट बेंबीच्या वर गेल्यामुळे माझं पोट कोटाआड गेलं आणि तिथं छाती असल्याचा गैरसमज पसरला. गॅलिस खांद्यांना खाली ओढत होते, म्हणून मी नाइलाजानं ताठ उभा होतो. दोघंतिघं येऊन म्हणाले, "वजन उतरवलंस की रे!" आयुष्यात पहिल्यांदा. जेवणाच्या वेळेपर्यंत कार्यालयातल्या झाडून सगळ्या पुरुषांनी कोट काढून खुर्च्यांना अडकवले होते. मला काढता येईना. एक तर कळी. आणि दुसरं म्हणजे त्या काळी गॅलिस हे आतलं वस्त्र समजत, चारचौघांत दाखवायचं नसे. लोकरीच्या आत मी संथपणे शिजत होतो, मठ्ठ्यामागून मठ्ठा पीत होतो, आणि त्या मठ्ठ्याचा जो परिणाम व्हायचा तो झाल्यावर बटणांची ती रांग, घामेजलेली बोटं आणि दारावरच्या थापा यांचं वर्णन मी करत नाही. बाहेर आलो तेव्हा रांगेतल्या लहान मुलांनाही माझं नाव कळलं होतं.

पुतण्याला मात्र सूट फार आवडला. हा मुलगा एरवी घोटे उघडे टाकणाऱ्या पँटी घालून हिंडतो. म्हणाला, "काका, मला द्या ना, माझ्या साखरपुड्याला." म्हणजे सोडलेली माया पुन्हा आत घ्यायची, कळी काढायची, फोल्ड परत बसवायचे. त्याला घेऊन मास्तरांकडे गेलो. पोऱ्या पेन्सिल घेऊन तयार.

"खांदे?"

"सारखे."

"पाठ?"

"सरळ."

"पोट?"

मास्तरांनी टेप गळ्यात टाकली आणि चेहरा पाडून म्हणाले, "नाही." मग चष्म्यावरून माझ्याकडे, खरंच सांगतो, मायेनं बघत म्हणाले, "ह्याचं काय, पोऱ्यासुद्धा करेल. तुमचं काम होतं साहेब! दोन रात्री झोपलो नव्हतो."