आमची हॉटेले यादीतून वगळण्याबाबत

प्रति,
'पुण्यात ब्रंच कुठे कराल?' या यादीचे कर्ते, संकलक आणि छायाचित्रकार यांस



आपली ताजी यादी वाचली. पूर्वार्ध वाचून मन प्रसन्न झाले. कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, बाणेर, बालेवाडी. सावरडो पावावर अवोकाडो, अवोकाडोवर अंडे, अंड्यावर डाळिंबाचे दाणे आणि या सगळ्यावर जीएसटी. त्याबद्दल आमची काडीचीही तक्रार नाही. शनिवारी उत्तररात्री झोपलेला माणूस रविवारी साडेअकराला उठला तर त्याला भूक लागणारच, आणि ती भागवायला कुणी दुकान थाटले तर शहराचे काय बिघडते? उलट तेवढी माणसे तिकडे गुंतून राहतात, हा आमचा फायदाच आहे.

आक्षेप आहे तो उत्तरार्धाला. 'अस्सल पुणेरी ब्रंच' असा मथळा देऊन आपण वैशाली, रूपाली, गुडलक, वोहुमन, बेडेकर, श्रीकृष्ण ही नावे ओळीने छापली आहेत. ती काढून टाकावीत, एवढीच या पत्राची मागणी. कारणे जरा सविस्तर देतो. रविवारी रांगेत उभे राहिल्यावर विचार करायला भरपूर वेळ मिळतो, आणि तो वेळ आपणच आम्हाला मिळवून दिला आहे.

पहिले कारण वेळेचे. आपल्या संप्रदायाचे मूळपुरुष गाय बेरिंजर नावाचे इंग्रज लेखक. त्यांनी १८९५ साली 'हंटर्स वीकली'त लेख लिहून रदबदली केली, की रविवारी सकाळी लवकर उठण्याची सक्ती नसावी, म्हणजे शनिवारची रात्र मोकळेपणाने साजरी करता येईल. लेखाच्या ताज्या कलमात चहा-कॉफीच्या जागी बिअर आणि व्हिस्कीही चालेल, अशी सवलत त्यांनी देऊन ठेवली. हेतू स्वच्छ होता. पण पुण्याचा रविवार या पायावर उभा नाही. इथे रविवारी सर्वांत लवकर उठतात ते पेन्शनर, ज्यांना उठायचे काहीही कारण नसते. हनुमान टेकडी नाहीतर वेताळ टेकडी चढायची, वर पोचल्यावर महापालिकेचा समाचार घ्यायचा आणि आठच्या आत फर्ग्युसन रस्त्यावर उतरायचे. इडली, फिल्टर कॉफी, आणि राहिलेली महापालिका. अकरा वाजता आपली मंडळी डोळे चोळत दाराशी येतात तेव्हा आमच्या घरी कुकरची शिट्टी झालेली असते.

मग अडचण काय, असे आपण विचाराल. अडचण अशी, की आपली मंडळी आता अकराला येतच नाहीत. ती आठलाच येतात. कारण यादीच्या तळाशी आपणच सल्ला देता : गर्दी टाळायची असेल तर लवकर जा.

दुसरे कारण खुर्चीचे, आणि खरे तर सगळे भांडण तिथेच आहे. कोरेगाव पार्कातल्या कॅफेत टोस्टचे दोन तुकडे चार-पाचशे रुपयांना मिळतात, म्हणून आमच्याकडचे लोक नाके मुरडतात. मी मुरडत नाही. त्या पैशांत टोस्ट थोडाच असतो. बाकी खुर्ची असते. दोन तास बसा, लॅपटॉप उघडा, चार्जर लावा, मैत्रिणीचा घटस्फोट सुरुवातीपासून ऐका, कुणी उठा म्हणणार नाही. तिथल्या जागेचे भाडे, पंख्याऐवजी एसी, हळू आवाजातले गाणे आणि तुमच्याकडे न बघण्याचे शिक्षण घेतलेला वेटर, या सगळ्याची किंमत टोस्टवर चढवलेली आहे. व्यवहार चोख आहे. मिसळीच्या किमतीत मात्र फक्त मिसळ असते. नारायण पेठेत बेडेकरांकडे आपण बसता तेव्हा ती खुर्ची आपल्याला विकलेली नसते, मिसळ संपेपर्यंत वापरायला दिलेली असते. शेजारी अनोळखी कुटुंब बसणार, समोर त्यांचा मुलगा लिंबू पिळताना तुमच्या चष्म्यावर नेम धरणार, आणि पाठीमागे उभा राहिलेला गृहस्थ तुमच्या ताटलीत किती शिल्लक आहे याचा अंदाज घेणार. त्याच्यावर रागावू नये. आपण उठल्याशिवाय त्याला बसता येत नाही, आणि तो उठल्याशिवाय तिसऱ्याला. सगळे गणित या उठण्यावर बसवलेले असते. तिथे आपल्या यादीतली सहा जणांची टोळी आली, तिने दोन मिसळी मागवल्या, त्या सहा कोनांतून टिपल्या आणि 'अजून काय चांगलं आहे इथे?' यावर चर्चासत्र घेतले, की ते गणित पार कोलमडते.

आता कुणी म्हणेल, इराण्याकडे माणसे तासन् तास बसत नव्हती का? बसत होती. खरा ब्रंच या शहराला इराण्यांनीच शिकवला. दिवसाच्या कुठल्याही प्रहरी ऑम्लेट मागा, बन मस्का मागा, चहा पुन्हा मागवा, कुणाच्या कपाळाला आठी नाही. आणि खुर्चीचे वेगळे पैसे नाहीत. गुडलक १९३५ पासून डेक्कनवर आहे. चौकालाच त्याचे नाव पडले, यावरून काय ते समजा. तिथला खिमा पाव खाऊन कॉलेजला दांडी मारलेल्यांच्या आता तीन पिढ्या झाल्या असतील. परंतु इराण्याला हे औदार्य परवडत होते, कारण त्याची निम्मी टेबले रिकामी असायची आणि बसणाऱ्याला घाई नसली तरी लाज होती. एका चहावर फार वेळ झाला की तो स्वतःच दुसरा मागवायचा. आपल्या यादीने टेबले भरली. लाज कुठून आणणार?

वैशालीची गोष्ट निराळी. जगन्नाथ शेट्टी तरुणपणी उडुपीकडून इकडे आले. त्यांच्या हातून 'कॅफे मद्रास'चे रूपाली झाले आणि 'मद्रास हेल्थ होम'चे वैशाली. २०२३ मध्ये ते गेले तेव्हा घरातला कुणी वडीलधारा गेल्यासारखे लोक बोलत होते. तिथे बसण्याचा हक्क आमच्यात वारसाने येतो. आजोबांचे टेबल आत, वडिलांचे मागच्या बाजूला, नातवाचे जिथे मिळेल तिथे. ते टेबल कायद्याने आपले नाही हे आम्हाला माहीत आहे. तरीही तिथे दुसरे कुणी बसलेले दिसले की घरात भाडेकरू घुसल्यासारखे वाटते. आपल्या यादीत वैशालीपुढे 'एसपीडीपी नक्की खा' असे लिहिले आहे. सल्ला चुकीचा नाही. शेव, पोटॅटो, दही, पुरी हा प्रकार उडुपी हॉटेलात कसा रुजला याचे कुणी संशोधन करायला हरकत नाही. पण सकाळी नऊला दही-पुरी? सकाळी म्हैसूर मसाला डोसा खावा, तो ताटलीत टेकताक्षणी खावा, आणि फोन खिशात ठेवावा. फोटो निघेपर्यंत डोसा मऊ पडतो, कॉफीचा फेस बसतो, आणि मग यादीत लिहून येते की 'चव पूर्वीसारखी राहिली नाही'.

कारणांना क्रमांक देणे आता थांबवतो, नाहीतर हे पत्र माहितीच्या अधिकारातल्या अर्जासारखे दिसू लागेल. तरीही यादीतल्या काही चुका दुरुस्त करणे नागरिक म्हणून आमचे कर्तव्य आहे. बेडेकरांकडे पाव मागू नये. तिथे मिसळीबरोबर स्लाइस येते, आणि यावर ज्याचा वाद असेल त्याने तो घरी घालावा. ती मिसळ किंचित गोडसर असते, हा दोष नाही, धोरण आहे. कोल्हापूरचा पाहुणा नेऊन त्याचे मत विचारू नये. जहाल हवी असेल तर टिळक रस्त्यावर रामनाथ आहे; तिथून बाहेर पडलेला माणूस काही काळ कुणाशी वाद घालत नाही, आणि पुण्यात हे दृश्य दुर्मीळ आहे. श्रीकृष्णची मिसळ तुळशीबागेत आहे, म्हणजे बांगड्या, पातेली आणि देवाची भांडी यांच्यातून वाट काढायची तयारी हवी. 'पार्किंग उपलब्ध' असे आपण लिहिले आहे ते कशाच्या आधारावर, हे कळल्यास आभारी राहू. जहांगीर रुग्णालयाजवळच्या वोहुमनमध्ये चीज ऑम्लेट मागवल्यावर कॅलरी विचारू नयेत. आणि कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटे हा ब्रंच नव्हे. तिथे दुपारी दार लागते, आणि लागलेल्या दारासमोर उभे राहून काढलेला फोटो हा काही पराक्रम नव्हे. चितळे बंधूंनी २०१७ साली आपल्या दुकानाची दुपारची एक ते चारची सुट्टी मोडली, तो धक्का आम्ही अजून पचवतो आहोत. कयानीला तरी सोडा.

कोरेगाव पार्काचे श्रेयही जरा नीट द्यावे. ब्रंच तिथे काल-परवा उगवला नाही. ओशो आश्रमात येणाऱ्या परदेशी मंडळींना डोशावर किती दिवस ठेवणार? १९८९ मध्ये जर्मन बेकरी निघाली आणि जाडसर ब्राउन ब्रेड, कॉफी, कुठल्याही वेळची न्याहारी हे सगळे कोरेगाव पार्कात आले. २०१० च्या बॉम्बस्फोटात ती उद्ध्वस्त झाली, पुढे पुन्हा उभी राहिली. आपल्या यादीतल्या निम्म्या कॅफेंचे कुळ तिथे सापडेल, आणि यादीत तिचे नाव तेवढे नाही. जुने म्हणून आमची मिसळ घेतलीत आणि आपल्याच आळीतले जुने विसरलात.

आता नुसते नकार देऊन पत्र संपवणे बरे दिसत नाही, म्हणून एक पर्याय सुचवतो. अस्सल स्थानिक ब्रंच हवाच असेल तर आपल्या वाचकांना सिंहगडावर पाठवा. आतकरवाडीतून पायी चढायला सांगा. गाडीने गेले तर रविवारी घाटातच अडकतील आणि तोही फोटो टाकतील. चढून वर पोचेपर्यंत न्याहारीची वेळ टळलेली असते आणि जेवणाची झालेली नसते. मग पिठले-भाकरी, ठेचा, गरम कांदाभजी आणि मडक्यातले दही. बसायला चटई, एसी फुकट, दृश्य खडकवासल्यापर्यंत. कुणी उठा म्हणत नाही, कारण उठल्यावर पुन्हा उतरायचे आहे हे सर्वांनाच ठाऊक असते. बेरिंजरसाहेबांना फक्त एक गोष्ट मान्य झाली नसती : त्यासाठी पहाटे उठावे लागते.

तेव्हा वरील नावे पुढच्या यादीतून कृपया वगळावीत. तसे करणे शक्य नसेल तर निदान तळाचा तो लवकर जाण्याचा सल्ला काढावा आणि त्या जागी 'साडेअकरानंतर जा' असे छापावे. त्या वेळेला आम्ही कुणाच्या मध्ये येत नाही. आणि काय कुठे खावे, हे या पत्रात जरा जास्तच तपशिलाने लिहिले गेले आहे. ते उतरवून घेऊन यादीत घालू नये, ही हात जोडून विनंती.

कळावे, लोभ आहेच, तो रविवार सोडून वाढावा.

आपला नम्र,
रांगेतला एक पेठकर