सहमार्गदर्शनाचा तहनामा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने पीएच.डी.च्या विद्यार्थ्यास मार्गदर्शकाखेरीज सहमार्गदर्शक घेण्याची मुभा दिली आहे, आणि या मुभेचा जो अंमल भिलाईत आमच्या दृष्टीस पडतो तो पाहता, दोन सुभेदारांच्या हद्दीवर शेत असलेल्या रयतेची अवस्था काय होत असेल याची यथार्थ कल्पना येते.

आमच्या परिचयाची एक विद्यार्थिनी झोतभट्टीच्या स्लॅगपासून होणाऱ्या सिमेंटवर संशोधन करते. गाईडसाहेबांच्या मते ठोकळ्यांची अठ्ठावीस दिवसांची मजबुती पुरेशी. तेव्हा तिने यथाकाल सारे ठोकळे यंत्राखाली चिरडून कोष्टक सादर केले. को-गाईडसाहेबांनी, स्लॅगचे सिमेंट बळ धरण्यास विलंब लावते हे शास्त्रशुद्ध कारण देऊन, नव्वद दिवसांचे आकडे मागितले. मागणी रास्त होती. ठोकळे मात्र उरले नव्हते. नवे ठोकळे पाण्याच्या टाकीत मुरत पडले असता गाईडसाहेबांनी विचारले, "हे कोणाच्या हुकुमाने?" उभय विद्वान एकमेकांस भेटले की "आपण म्हणाल तसे" यापलीकडे शब्द निघत नाही, वादाची सारी बारनिशी त्या मुलीच्या हातून होते. मतैक्य घडते ते केवळ सहामाही संशोधन सल्लागार समितीपुढे, जेथे दोघेही 'प्रगती समाधानकारक' या शेऱ्याखाली निमूटपणे सही करतात.

याच भिलाईत पोलाद कारखाना उभारताना सोव्हिएत तज्ज्ञ आणि भारतीय अभियंते, परस्परांची भाषा अवगत नसता, दुभाषे मध्ये घालून एकत्र राबले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, म्हणजे चार वर्षे आणि दोन दिवस. प्रबंधास आयोगाने सहा वर्षे दिली आहेत, आणि ती न पुरल्यास पुनर्नोंदणीने आणखी दोन. दोन राष्ट्रांपेक्षा दोन प्राध्यापकांस अधिक अवधी लागतो, हे आयोगाने दूरदृष्टीने ताडले असावे.

भट्टीपूर्वी करार झाला होता, म्हणून आम्हीही एक तहनामा रचला: प्रयोगाचा आराखडा ठोकळे ओतण्यापूर्वीच उभयतांच्या सहीने ठरावा, शेरे एकाच प्रतीवर, एकमेकांच्या देखत लिहावेत, आणि मतभेद झाल्यास विद्यार्थिनीस जासूद न करता साहेबांनी स्वतः दूरध्वनी उचलावा. मसुदा दोन्ही दफ्तरी रवाना केला. दोन्हीकडून तो त्याच विद्यार्थिनीच्या हाती परत आला, समासात एकच शेरा होता: "दुसऱ्या सरांचे मत घेऊन यावे."