आग पेटवणं बिनकामाचं?

‘रूनस्केप’ हा ऑनलाइन खेळ २००१ सालचा. त्यात उतरल्यावर पहिला पेच पडतो तो कौशल्यांचा: लाकूडतोड, मासेमारी, खाणकाम की स्वयंपाक? जुनेजाणते खेळाडू एका बाबतीत ठाम असतात. आग पेटवण्याच्या कौशल्यात वेळ घालवू नका, बिनकामाचं आहे. ओंडका जाळा, थोडा अनुभव मिळवा. मागे उरते राख.

हे भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीतल्या पोरांना सांगून पाहा. इथं पाचशे मेगावॉटचे दोन संच ओंडक्याऐवजी कोळसा जाळतात, हतनूर धरणाचं पाणी पितात, आणि राखेचं काय करायचं हा प्रश्न तर गावाच्या पाचवीलाच पुजलेला. त्या बिनकामाच्या कौशल्यावर वसाहत उभी आहे, आणि पोराचा संगणकही चालतो.

पोराच्या पप्पांचा कौशल्यांचा क्रम मात्र ठरलेला: आधी एमएससीआयटी, मग आयटीआय, ट्रेड इलेक्ट्रिशियनच, मग अप्रेंटिसशिप, मग भरतीची वाट. या शेवटच्या पायरीत अनुभवाचे गुण मिळत नाहीत, फक्त वय वाढतं. खेळात ९२व्या पातळीला पोचलं की ९९पर्यंतचा अनुभव निम्माच झालेला असतो. हे ऐकून पप्पा पहिल्यांदाच खेळाकडे आदरानं बघतील. कंत्राटी कामगाराला तर ते समजावूनही सांगावं लागणार नाही.

पोरगा मासेमारीच निवडतो. तापीकाठी राहून गळ टाकायचा तो माऊसनं.