कमाल ४० अंश

नव्या टीव्हीच्या खोक्यात एक बारीक अक्षरांची पुस्तिका असते. ती कोणी वाचत नाही, खोक्यासकट माळ्यावर जाते. तिच्या शेवटच्या पानांवर बहुधा एक ओळ सापडते: वापराचे तापमान कमाल ४० अंश, आर्द्रता ८० टक्क्यांच्या आत. ही ओळ लिहिणारा गृहस्थ मे महिन्यात चंद्रपूरला उतरलेला नाही, हे उघड आहे. इथे एप्रिलातच पारा चाळिशी ओलांडतो, मेमध्ये ४५ ही बातमी राहिलेली नाही, आणि नवतपाचे ते नऊ तापते दिवस लागले की ४७ ला सुद्धा कोणी ‘बापरे’ म्हणत नाही. तोही आकडा वेधशाळेच्या पांढऱ्या, झडपांच्या पेटीतला. सावलीतला, खेळत्या हवेतला. तापमापकाची जी बडदास्त, ती टीव्हीच्या नशिबी कुठली? तो तापलेल्या स्लॅबखाली, पश्चिमेच्या भिंतीला पाठ चिकटवून टांगलेला. तेव्हा पुस्तिका प्रमाण मानायची तर उन्हाळ्यात टीव्ही बंद. कूलर लावा म्हणाल, तर कूलर म्हणजे ओल्या गवताच्या ताट्यांतून खोलीभर सोडलेली वाफ. ४० ची अट सांभाळावी तर ८० ची मोडते. पावसाळ्यात बाहेरची हवाच ऐंशीच्या वर जाते, म्हणजे तेव्हाही बंद. उरतो हिवाळा. शेगडी, गोधडी आणि टीव्ही, या तीन वस्तू आपल्याकडे दिवाळीला काढून होळीला गुंडाळून ठेवायच्या आहेत, एवढे दुकानदाराने बिलावर लिहून दिले असते तरी बरे झाले असते.

पुस्तिकेतली ओळ मात्र खोटी नाही. टीव्हीच्या पॉवर सप्लायमध्ये जे कपॅसिटर असतात, त्यांचे आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, हा त्या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. पडद्यामागे उजेडासाठी एलईडीच्या पट्ट्या असतात आणि पुष्कळदा त्यातले दिवे एकामागे एक जोडलेले असतात. एक गेला की पट्टीच आंधळी. आवाज येतो, चित्र नाही, आणि घर रेडिओच्या काळात परत जाते. जुना डबा टीव्हीही तापायचा, त्याच्या नळीला वीसेक हजार व्होल्ट लागायचे. पण त्याच्या पाठीला हातभर पोकळी होती, भोके होती. नव्याला बोटभर जाडी हवी, कारण दुकानात तो बाजूने दाखवायचा असतो. पाहायचा मात्र समोरून! आणि या नाजूकपणाच्या बदल्यात मिळते काय? फोर-के पडद्यावर ८२ लाख ९४ हजार ४०० ठिपके. केबलवरच्या साध्या वाहिनीचे चित्र ४ लाख १४ हजार ७२० ठिपक्यांचे. भागून पाहा, बरोबर वीस येतात. म्हणजे प्रत्येक वीस ठिपक्यांत एकाचा ऐवज वरून आलेला आणि एकोणीस टीव्हीने अंदाजाने भरलेले. एवढा अंदाज पंचांगवालेही घेत नाहीत.

आता शहाणे लोक म्हणतील, जुने ते सोने हा भ्रम आहे. जे डबे आज चालू आहेत तेच तुम्हाला दिसतात, मेलेले कधीच भंगारात गेले. मुद्दा बिनतोड आहे. जुने टीव्हीही बिघडायचे, भरपूर बिघडायचे. एलओटी, म्हणजे लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर, जळायची, पिक्चर ट्यूब कमजोर होऊन सगळे चेहरे काविळीचे दिसायचे, आतला टाका सुटून ड्राय सोल्डर झाले की चित्र थापट मारल्यावरच यायचे. पण ते मूल, वरोरा, अहेरी अशा आपल्या गावांतच दुरुस्त व्हायचे. चौकातला मेकॅनिक पाठ उघडायचा, सोल्डरिंग गन फिरवायचा, जळलेला भाग काढून दुसरा बसवायचा आणि तो जळका भाग तुमच्या हातावर ठेवायचा. टिकाऊपणाचा हिशेब न बिघडण्यावर करायचाच नसतो. बिघडल्यावर काय होते, यावर करायचा असतो. आज काय होते? पडद्यावर एक उभी रेघ येते. फोन लावा, एक दाबा, दोन दाबा, मग पिनकोड सांगा. मग कळते की माणूस नागपूरहून येईल. भामरागडच्या गिऱ्हाइकाने हा फोन पावसाळ्यात करून पाहावा, पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर असताना. माणूस आलाच तर पाठ न उघडता सांगतो, ‘पॅनल गेलं, त्यापेक्षा नवाच घ्या.’ वॉरंटीचे विचाराल, तर वीज कोसळणे, व्होल्टेज कमी-जास्त होणे, उंदीर आणि किडे तिच्यात बसत नाहीत. वा रे वॉरंटी! जंगलाच्या जिल्ह्यात वीज, व्होल्टेज, उंदीर आणि किडे वगळले, तर टीव्ही बिघडायला उरते कोण? आणि या राज्याचे दिवे जिथल्या कोळशावर लागतात, तिथल्या माणसाने व्होल्टेजसाठी पदरचा स्टॅबिलायझर घ्यायचा. ही थट्टा आम्ही केलेली नाही.

नवे टीव्ही स्वस्त झाले, वीज कमी खातात, हेही कबूल. पण दर चार-पाच वर्षांनी घ्यावी लागणारी स्वस्त वस्तू स्वस्त कशी, ते हप्ते भरणाऱ्याला विचारा. खराब पॅनल बदलायला टीव्हीच्या किमतीचा मोठा हिस्सा लागतो, आणि तो आकडा जाहिरातीत कधीच नसतो. म्हणून यंदा सणाच्या सेलमध्ये जाल तेव्हा ठिपके मोजत बसू नका. दुकानदाराला दोनच गोष्टी बिलाच्या मागे लिहून मागा: या टीव्हीच्या पॅनलची आजची किंमत, आणि ते किती वर्षे मिळेल. लिहून देत नसेल, तर पुढच्या दुकानात जा.