कोंबड्याची सुनावणी

मोहोळला ग्रामपंचायत होती तोवर कोंबडी अंगणात होती. नगरपरिषद आली आणि तीच कोंबडी शेजाऱ्यांना ‘उपद्रव’ वाटू लागली. मालदांडी ज्वारीच्या या गावात दाणे आहेत, टिपणारं कोणी नको. पशुसंवर्धन खातं परसबागेतल्या कुक्कुटपालनाचे गोडवे गातं, पण परसात आता फरशी आणि तिच्यावर मोटारसायकल.

मुख्य तक्रार आवाजाची. 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्र सकाळी 6ला संपते, रहिवासी भागात मर्यादा 45 डेसिबल. कोंबडा चारलाच आरवतो, म्हणजे सराईत गुन्हेगार! वरातीचा डीजे पत्रे थरथरवत जातो तेव्हा निवेदन कोणी देत नाही. पुढे नाचणारे आपलेच भाचे-पुतणे असतात.

फ्रान्समध्ये मोरिस नावाच्या कोंबड्यावरून शेजारी कोर्टात गेले. 2019मध्ये कोंबडा जिंकला, 2021मध्ये खेड्यातल्या आवाज-वासांना वारसा मानणारा कायदा आला. आपल्याला एवढं नको. चार-सहा तलंगा, कोंबडा नाही, खुराड्यात रोज राख, शेजारच्या भिंतीपासून अंतर, एवढाच ठराव पुढच्या सभेत मांडा. अंडी कोंबड्यावाचूनही मिळतात, आणि हात वर करणाऱ्यांच्या घरी डझनभर पोचवता येतात.