डॉक्टर बेंडोंचा दवाखाना

सन 1676. लंडनच्या टॉवर स्ट्रीटवर अलेक्झांडर बेंडो नावाचे इटालियन वैद्यराज अवतरले. मूल होत नाही? या. दात किडले, रंग उतरला, स्वप्नाचा अर्थ लागत नाही? तेही बघू! पायघोळ अंगरखा, दाढी आणि जोडीला अगम्य बडबड. औषध मागच्या खोलीत शिजे: राख, काजळी, चुना, खडू, साबण आणि पडक्या भिंतीची माती. दर्प मात्र असा, की रुग्णाला वाटावे, काहीतरी जालीम आहे खास.

खरी बहार त्यांच्या जाहिरातीत. मी भोंदू नाही, असे हे महाशय म्हणतच नाहीत. त्यांचा युक्तिवाद असा: दिवाळखोर हुबेहूब श्रीमंत व्यापाऱ्यासारखाच दिसतो, भित्रा शूरासारखा, मग नकली डॉक्टर तरी अस्सलाहून वेगळा कसा दिसेल? आणि आश्वासने विकून पोट भरणारे राजकारणी तुम्हाला चालतात, मग माझेच काय वाईट? एवढे स्पष्ट सांगूनही दारात गर्दी. (सांगितले म्हणूनच असेल.)

बेंडो म्हणजे वेश पालटलेला कवी जॉन विल्मट, रॉचेस्टरचा अर्ल. मारामारीच्या एका प्रकरणामुळे दुसऱ्या चार्ल्स राजाची खप्पामर्जी झाल्याने लपून बसलेला. माफी मिळताच डॉक्टर रातोरात गायब, अर्लसाहेब दरबारात हजर.

1680 मध्ये, अवघ्या 33व्या वर्षी, तो आजाराने गेला. त्याच्यावर उपचार मात्र अस्सल डॉक्टरांनी केले होते.