ग्रॅमोपाध्ये

तुमच्या ग्रुपमध्येही तो असणारच. पायथ्याच्या गावात जीपमधून उतरल्या उतरल्या जो तुमची सॅक एका हाताने उचलून बघतो आणि मयताला आल्यासारखी मान हलवतो, तो. आमच्याकडच्या नमुन्याचं खरं आडनाव काहीही असो, सगळे त्याला ग्रॅमोपाध्येच म्हणतात.

याचा खिशात मावणारा एक काटा आहे. त्यावर दातांचा ब्रश, मोजे, टॉर्चचे सेल, सगळं चढून झालंय. दिवाळीत आमच्या हिने हातावर बेसनाचा लाडू ठेवला, तर तो तोंडाआधी काट्यावर गेला. ‘42 ग्रॅम. वाईट नाही.’ हिला वाटलं, लाडवाचं कौतुक झालं. त्या काट्याचं स्वतःचं वजन मात्र त्या काट्यावर करता येत नाही. हे एक शल्य त्याच्या मनात आहे.

त्याचा सिद्धान्त असा, की अन्न-पाणी वगळून पाठीवर साडेचार किलोंच्या वर एक ग्रॅमही असता कामा नये. भाकरी नेणं म्हणजे पाणी वाहणं. शेंगदाणे न्यावेत, 100 ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी! हे प्रवचन त्याने पाचनईत एका घराच्या ओसरीवर दिलं आणि देता देता पिठल्याबरोबर तीन भाकरी संपवल्या. पोटातलं वजन सॅकमध्ये धरत नाहीत म्हणे.

पण खरं दुखणं तंबूचं. तो तंबू निवडतोय. त्याच्या मुलीचं लग्न याहून लवकर ठरलं. हातातल्या काठ्यांवर उभा राहणारा घ्यावा, तर पोलचं वजन वाचतं, पण खुंट्यांवाचून तो उभा राहत नाही. आणि सह्याद्रीच्या कातळात खुंटी कोण ठोकणार? स्वतःच्या पोलवर उभा राहणारा घ्यावा, तर वजन वाढतं. एकपदरी हलका, पण आपलाच श्वास आतून कापडावर जमतो आणि पहाटे नाकावर टपकतो. नायलॉन पावसात पाणी पिऊन सैल पडतं. पॉलिएस्टर त्या मानाने ताठ राहतं. डायनीमा पाणीही पीत नाही आणि ताणतही नाही, पण किंमत ऐकून माणूस सैल पडतो.

मध्यंतरी कुणाचा तरी काठ्यांवरचा तंबू त्याने मागून आणला आणि घरातच उभारला. फरशीत खुंटी जाईना, म्हणून एक दोरी सोफ्याच्या पायाला, एक दिवाणाला, एक फ्रिजच्या हँडलला. संध्याकाळभर दूध काढता येईना. आतल्या खोलीतून त्याची आई आली, चष्मा सारखा करून बघितलं आणि म्हणाली, ‘अरे, मच्छरदाणीला चार खिळे पुरतात.’

मी त्याला एमा गेटवुडबाईंची गोष्ट सांगितली. अमेरिकेतली, अकरा मुलांची आई. 1955 साली, वयाच्या 67व्या वर्षी ॲपलाचियन ट्रेल एकटीने चालून गेली. तीन हजारांवर किलोमीटर. खांद्यावर घरी शिवलेली झोळी, पावसाला बाथरूमचा पडदा. तंबू नव्हताच. ग्रॅमोपाध्ये गंभीरपणे ऐकत होता. मग म्हणाला, ‘पडदा किती ग्रॅमचा?’

त्याची सॅक इतकी हलकी कशी, हे कोडं मला हरिश्चंद्रगडावरच्या गुहेत सुटलं. चाकू माझा. मीठ माझं. मेणबत्ती, बँडेज, गुडघ्याचं मलम, चहाचा दुसरा कप, सगळं माझं. त्याचं वजन कमी झालेलं नव्हतंच, माझ्या पाठीवर आलं होतं. हलकं होण्याची ही युक्ती काही डोंगरापुरतीच चालते असं नाही. आपल्याकडे कित्येक कुटुंबं आणि बहुतेक कचेऱ्या याच तत्त्वावर चालतात, पण तो विषय वेगळा.

आता हे सांगायलाच हवं म्हणून सांगतो. कॉलेजात आमच्याकडे एक कॅनव्हासचा तंबू होता. ओला झाला की म्हशीला उचलावं लागतंय असं वाटे, पण जड कधी झाला नाही. कापड एकाकडे, लोखंडी काठ्या दुसऱ्याकडे, खुंट्यांची पिशवी तिसऱ्याकडे. आणि ते चिंब ओलं कापड उचलायला पहिल्यांदा कोण पुढे व्हायचा? हाच. काटाबिटा तेव्हा नव्हता. आता काठ्यावाला न्यू जर्सीला आहे. खुंट्यावाला बाणेरला आहे, पण शनिवार-रविवारी बाणेर न्यू जर्सीहून लांब पडतं. वाटून घ्यायला कोणी उरलं नाही की अख्खा तंबू एकाच्याच पाठीवर येतो. मग माणूस ग्रॅम मोजणार नाही तर काय करणार?

परवा तंबू आला एकदाचा. दोन माणसांचा. एकट्याच्या तंबूपेक्षा साडेतीनशे ग्रॅम जास्त. मी काही विचारलं नाही, तोच म्हणाला, ‘आत सॅक ठेवायला जागा लागते.’ त्याची सॅक आता उशीखाली मावते.

‘येत्या शनिवारी रतनगड. गुहेत नाही, बाहेर झोपायचं,’ तो म्हणाला. ‘खुंट्या तुझ्याकडे. आणि मीठ.’